‘आदिवासी आहे का, पाच वर्षांचा?’ : पुण्यातल्या स्नेहसंमेलन समित्यांना एका ड्रेपरीवालीचं खुलं पत्र

प्रति,
पुण्यातल्या सर्व शाळांच्या स्नेहसंमेलन समित्या, विविध वेशभूषा स्पर्धांचे परीक्षक, आणि सोसायट्यांचे व गणेश मंडळांचे सांस्कृतिक कार्यकर्ते यांस,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीची सुट्टी संपली की आमच्या दुकानातला फोन दिवसभर वाजतो. परवा एका बाईंचा आला. आवाजात घाई, मागे वर्गाचा गोंगाट. “आदिवासी आहे का? पाच वर्षांचा, मुलगा.” मी म्हटलं, आहे. “आणि लमाणी? मुलगी आहे, दुसरीतली.” तेही होतं. “खान मिळेल? दाढीसकट?” दाढीसकट होता. मी भाडं सांगितलं, अनामत सांगितली आणि फोन ठेवला. मग बराच वेळ मशीनवर हात चालेना. त्या दिवशी हे पत्र लिहायला घेतलं.

शुक्रवार पेठेत आमची छोटी ड्रेपरी आहे, म्हणजे वेश शिवून भाड्याने देणारं दुकान. सासऱ्यांनी ती नाटकवाल्यांसाठी काढली होती. पौराणिक-ऐतिहासिक नाटकांचे प्रयोग कमी होत गेले तसे आम्ही शाळांकडे वळलो. आज वर्षाची निम्म्याहून जास्त कमाई डिसेंबर-जानेवारीच्या गॅदरिंगमध्ये होते. चौतीस वर्षं मी इथे कापते, शिवते, भाड्याने देते. म्हणजे या पत्रात मी ज्याबद्दल तक्रार करणार आहे त्याला माझाही हात लागलेला आहे. शाळांनी मागितलं आणि मी पुरवलं. ही गोष्ट आधीच सांगते, म्हणजे मी कुणाकडे बोट दाखवून स्वतः बाजूला उभी आहे असं वाटणार नाही.

आमच्याकडे मुलांच्या वेशांची दोन कपाटं आहेत. प्रत्येक हँगरला पुठ्ठ्याची चिठ्ठी असते. पहिल्या कपाटात ‘शिवाजी महाराज, ६ ते ८’, ‘जिजाऊ’, ‘लोकमान्य टिळक’, ‘सावित्रीबाई’, ‘झाशीची राणी, ४ ते ६’, ‘बाबासाहेब’, ‘भगतसिंग’. दुसऱ्या कपाटात ‘आदिवासी’, ‘लमाणी’, ‘कोळीण’, ‘पोतराज’, ‘पारधी’, ‘नंदीबैलवाला’, ‘मद्रासी’, ‘सरदारजी’, ‘खान’, ‘भिकारी’. पहिल्या कपाटातल्या प्रत्येकाला नाव आहे. त्याचं गाव आहे, जन्मतारीख आहे, त्याने केलेलं काम आहे. दुसऱ्या कपाटात कुणालाच नाव नाही. तिथे माणसाचा प्रकार टांगलेला आहे, आणि त्या प्रकाराला माप आहे, चार ते सहा, सहा ते आठ.

हे मला आपणहून दिसलं नाही. आमच्याकडे हातशिलाईला एक बाई होत्या. काजं, टिकल्या, लेस लावणं त्यांच्याकडे. एका वर्षी पोतराजाचा घागरा उसवून परत आला. मी तो त्यांच्यापुढे टाकला आणि म्हटलं, उरलेल्या सॅटिनच्या पट्ट्या लावून टाका. त्यांनी तो मांडीवर घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाल्या, “ताई, ह्याला घागरा नाही म्हणत. आभरान म्हणतात.” त्यांचे वडील पोतराज होते. मरीआईला बायका खण वाहतात, त्या खणांचे तुकडे जोडून वडिलांचं आभरान झालं होतं. कुठला तुकडा कुठल्या घरचा ते त्यांच्या आईला सांगता यायचं. वडिलांच्या दंडावर कोरड्याचे, म्हणजे आसुडाचे, वळ होते ते शेवटपर्यंत गेले नाहीत.

त्याच हंगामात तो वेश नेलेल्या एका मुलाला शाळेने ‘सर्वांत गमतीदार वेश’ असं बक्षीस दिलं. त्याची आई कौतुकाने फोटो दाखवायला दुकानात आली होती. तोंडाला काळा रंग, कपाळभर हळदकुंकू, डोळे वटारलेले, हातात दोरीचा आसूड. आमच्या मदतनीस बाईंनीही तो फोटो पाहिला. त्या आई गेल्यावर त्यांनी मला विचारलं, “ह्यात हसण्यासारखं काय होतं?” आवाजात राग नव्हता, त्यांना खरंच उत्तर हवं होतं. त्यांचा स्वतःचा मुलगा तेव्हा चौथीत होता, आणि आपले आजोबा काय करायचे हे त्याने शाळेत कुणाला सांगू नये अशी त्यांनी त्याला ताकीद दिलेली होती. मला उत्तर देता आलं नाही. आजही देता येत नाही.

तेव्हापासून हे दुसरं कपाट आलं कुठून, याचा मी जमेल तसा शोध घेत राहिले. आपल्या शाळेतल्या या कार्यक्रमाची मुळं दोन आहेत असं मला वाटतं.

एक मूळ आपलं, सोंगाचं. भारुडातलं, दशावतारातलं, बहुरूप्याचं. पैठणच्या एकनाथांनी सोळाव्या शतकात भारुडं रचली. त्यांत वासुदेव बोलतो, जोशी बोलतो, गोंधळी बोलतो, फकीर बोलतो, जोहार घालणारा महार बोलतो. ब्राह्मण घरात जन्मलेल्या नाथांनी या सगळ्यांच्या तोंडून अध्यात्म सांगितलं. ऐकणाऱ्याला शहाणपण त्यांच्याकडून घ्यावं लागतं. तिथे सोंग घेणारा स्वतःची जागा सोडून दुसऱ्याच्या जागी उभा राहतो आणि तिथून बोलतो. त्याला बोलायला काहीतरी असतं, ही त्यातली मुख्य गोष्ट.

दुसरं मूळ इंग्रजांचं. ‘फॅन्सी ड्रेस’ हा शब्दच तिकडचा. एकोणिसाव्या शतकात लंडनमध्ये श्रीमंतांच्या घरी फॅन्सी ड्रेस बॉल व्हायचे. लंडनच्या महापौरांच्या मॅन्शन हाउसमध्ये खास मुलांसाठी असा बॉल भरायचा. मुलं परीकथांतली पात्रं व्हायची, राजेराण्या व्हायची, आणि त्याचबरोबर जिप्सी, तुर्क, चिनी, हिंदुस्थानीही व्हायची. ज्यांच्या देशांवर राज्य करायचं त्यांचे कपडे मुलांच्या खेळात आले होते. इकडे हिंदुस्थानात त्याच सुमारास सरकार लोकांचे ‘नमुने’ गोळा करत होतं. १८६८ ते १८७५ या काळात इथल्या जातीजमातींच्या छायाचित्रांचे आठ खंड निघाले. एकेका माणसाला उभं करून फोटो काढायचा आणि खाली जमातीचं नाव, तिचा स्वभाव, ती विश्वासू की लबाड, तेही लिहून टाकायचं. १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा झाला. पुढे तो मुंबई इलाख्यातही आला. पारध्याच्या पोटी जन्मलेलं मूल जन्मतःच गुन्हेगार ठरायला लागलं. तो कायदा देशभरातून पूर्णपणे रद्द व्हायला १९५२ साल उजाडलं. स्वातंत्र्यानंतर पाच वर्षं.

माझ्या दुसऱ्या कपाटातल्या चिठ्ठ्या मी या दृष्टीने पुन्हा वाचल्या आणि मला धक्का बसला. ती त्या आठ खंडांचीच लहान आवृत्ती आहे. फोटोखाली असायचं तसं इथे हँगरखाली नाव. आपण सोंग म्हणतो खरं, पण करतो फॅन्सी ड्रेस.

आता ‘आदिवासी’ या वेशाबद्दल सविस्तर सांगते, कारण सगळ्यात जास्त मागणी त्याला आहे आणि सगळ्यात जास्त खोटेपणाही त्यातच आहे. आमच्याकडचा सेट असा: क्रेप कागदाच्या पानांचा घागरा, हाडांसारखी दिसणारी प्लॅस्टिकची माळ, भाला, डोक्याला रंगीत पिसांचा मुकुट, आणि चेहऱ्याला-अंगाला लावायची काळ्या रंगाची डबी. हा पिसांचा मुकुट महाराष्ट्रातल्या कुठल्याही जमातीचा नाही. तो उत्तर अमेरिकेच्या गवताळ मैदानांवर राहणाऱ्या लाकोटा वगैरे लोकांचा आहे. त्यांच्यात गरुडाचं एकेक पीस पराक्रमाने मिळवावं लागायचं, आणि असा मुकुट फार थोड्यांना घालता यायचा. बफेलो बिलने १८८३ साली आपले ‘वाइल्ड वेस्ट’ खेळ सुरू केले तेव्हा ती माणसं तिकीट लावून दाखवली गेली. पुढे सिनेमा आला, मग अमेरिकेतल्या मुलांसाठी दुकानांत ‘इंडियन’ ड्रेस विकायला आले. तिथून फिरत फिरत तो मुकुट आमच्या कपाटात आला, आणि मी त्याला ‘आदिवासी, ५ वर्षे’ अशी चिठ्ठी लावली.

आणि खरे आदिवासी किती लांब आहेत? जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ, मुळशी. आपण भीमाशंकरला जातो तो सगळा मुलूख महादेव कोळ्यांचा. ठाकर आहेत, कातकरी आहेत. खैराचा कात काढणारे म्हणून कातकरी. या लोकांनी पानं गुंडाळली नाहीत. लुगडं, चोळी, धोतर, बंडी, मुंडासं हेच त्यांचेही कपडे होते, आणि आज त्यांची मुलं पुण्यात कॉलेजला येतात ती जीन्स घालूनच. त्यांच्यातली कुणी तुमच्या शाळेत शिक्षिका असेल, कुणी शिपाई असेल. गॅदरिंगच्या दिवशी ती विंगेत उभी राहून काय बघत असेल याचा विचार एकदा करा.

राघोजी भांगरे महादेव कोळी होते. सावकार आणि इंग्रज यांच्याविरुद्ध त्यांनी बंड केलं, आणि १८४८ साली ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी दिलं. राघोजींचा वेश मागायला चौतीस वर्षांत माझ्याकडे एकही शाळा आली नाही. आदिवासी पाहिजे, पण नाव असलेला नको, असंच झालं ना हे? पुण्यात क्वीन्स गार्डनला आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचं संग्रहालय आहे. मी स्वतः तिथे पहिल्यांदा गेले तेव्हा माझी पंचेचाळिशी उलटली होती. ज्यांचे कपडे शिवून मी पोट भरलं त्यांचे खरे कपडे, दागिने, वाद्यं, मुखवटे घरापासून रिक्षाच्या अंतरावर होते.

लमाणी वेशाचंही तेच. आम्ही नवरात्रातली उरलेली चनिया-चोळी, त्यावर आरसे आणि कवड्या डकवून ‘लमाणी’ म्हणून देत होतो. बंजारा, म्हणजेच लमाणी, बायका घालतात ती फेटिया आणि कांचळी, म्हणजे त्यांचा घागरा आणि चोळी. तिचं भरतकाम इतकं अवघड असतं की ते बघितल्यावर माझ्यातल्या शिंपिणीला लाज वाटली. हजारो बैलांचे तांडे घेऊन धान्य आणि मीठ देशभर पोचवणारे हे लोक. महाराष्ट्राचं मुख्यमंत्रिपद सलग अकरा वर्षांहून जास्त काळ सांभाळणारे वसंतराव नाईक याच समाजातले. वेशभूषेत मात्र बंजारा म्हणजे स्टेजवर येऊन तोंडाने काहीतरी आवाज काढत गिरकी घेणारी मुलगी.

आता खान. इथे काही जण नाराज होतील, तरी लिहायलाच हवं, कारण शिवणकाम करणारीला जे दिसतं ते इतरांना दिसत नाही. सतराव्या शतकात दख्खनच्या आणि मुघलांच्या दरबारांत मोठ्या माणसाचा पोशाख म्हणजे जामा. कमरेपर्यंत अंगाला बसता, खाली कळ्या, म्हणजे तिरके कापलेले तुकडे, जोडून घेरदार, कमरेला पटका, आत पायजमा, डोक्याला पगडी. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्यूझियममध्ये गोवळकोंड्याच्या चित्रकारांनी काढलेल्या चित्रांचा एक संग्रह आहे. त्यात शिवाजी महाराजांचं चित्र आहे आणि त्यांच्या शत्रूंचीही आहेत. सगळ्यांच्या अंगात जामेच. पुरंदरला ज्यांच्याशी १६६५ साली तह झाला ते मिर्झाराजे जयसिंग राजपूत, मुघलांचे सेनापती, तेही जाम्यातच. शिंप्याच्या नजरेने पाहिलं तर फरक एकच. हिंदू जाम्याचे बंद डाव्या काखेखाली बांधत, मुसलमान उजव्या. कात्री तीच, कळ्या त्याच, घेर तोच.

आणि आमच्या कपाटात? राजाला भगवं-केशरी, खानाला हिरवं. खानाला लांब दाढी, डोळ्यांत काजळ, गडगडाटी हसू. महाराजांच्या आरमारात दौलतखान होता. १६७९ साली खांदेरीच्या पाण्यात इंग्रजांशी लढला. काझी हैदर महाराजांच्या चाकरीत होता. उलट अफझलखानाचा वकील म्हणून गडावर आला तो कृष्णाजी भास्कर. हा इतिहास चौथीच्या मुलाला समजणार नाही इतका अवघड नाही. आपण त्याला तो सांगत नाही, रंग सांगतो. रंग लक्षात राहतो, आणि वर्गातल्या मुलाकडे बघताना तोच आठवतो.

काही वर्षांपूर्वी एक बाई मुलाला घेऊन आल्या. बाईंच्या डोक्यावर ओढणी, मुलगा आठेक वर्षांचा, चुळबुळ्या. त्यांना मावळ्याचा वेश हवा होता. मी माप घेत असताना मुलगाच म्हणाला, “टीचरनी खान सांगितलाय. मागच्या वर्षी पण मीच होतो.” आई काही बोलल्या नाहीत. मी मावळा बांधून दिला. चार दिवसांनी तो पिशवीतून तसाच परत आला, घडी न मोडता. शाळेने ऐकलं नव्हतं. मी अनामत परत केली, भाडं घेतलं नाही. त्या आईने भाडं घ्याच म्हणून फार आग्रह केला, ते मला अजून आठवतं.

याच पुण्यात एक वेगळा काळ होऊन गेला आहे. एकोणिसाव्या शतकात मोहरमात हिंदू घरांतूनही ताबूत बसायचे. मूल जगावं, आजारातून उठावं म्हणून नवस बोलायचे, आणि मोहरमात त्या मुलाला ‘फकीर’ करायचे. हिरवे कपडे घालून हिंदू आईचं लेकरू दारोदार जायचं. तोही मुलांचा वेशच होता, आणि रंगही हिरवाच. तो घालताना आईच्या मनात भक्ती असायची. १८९३ च्या मुंबईतल्या दंग्यानंतर, १८९४ पासून सार्वजनिक गणेशोत्सव वाढला तसं हिंदूंचं ताबुतांत जाणं सुटत गेलं. गणपतीपुढे मेळे, म्हणजे गाणी म्हणणारी पथकं, आले, मेळ्यांत मावळ्यांच्या वेशातली मुलं आली. मेळ्यांनी पुण्याला गाणं दिलं, नाटक दिलं, माझ्या सासऱ्यांसारख्यांना धंदा दिला. त्यांचं ऋण मला मान्य आहे. पण हिरवा रंग नवसाचा होता तो शत्रूचा कसा झाला, हेही त्याच मंडपात घडलं. मंडळांच्या कार्यकर्त्यांनो, तुमचा उत्सव माझाही आहे, म्हणून हे तुम्हाला सांगण्याचा हक्क मी घेते.

झाशीच्या राणीबद्दल थोडं. जंगली महाराज रस्त्यावरच्या पुतळ्यामुळे पुण्यातल्या प्रत्येक मुलीला ती ठाऊक असते. वेश नेताना आया सांगतात, नऊवारी भरजरी द्या, मंगळसूत्र द्या, हिरवा चुडा द्या. गंगाधरराव १८५३ सालीच वारले होते. सत्तावनच्या युद्धात लढली ती विधवा होती. वरसईहून उत्तरेत गेलेल्या विष्णुभट गोडसे भटजींनी तिला झाशीत पाहिलं. ती कधी पांढरं पातळ नेसे, कधी पायजमा घालून पुरुषी वेशात दरबारात येई. जॉन लँग नावाचा वकील १८५४ साली तिला भेटला. तिच्या अंगावर साधी पांढरी मलमल होती असं त्याने लिहिलं, आणि ती फार गोरी नव्हती असंही. हे शेवटचं वाक्य मी आयांना मुद्दाम सांगते. कारण शाळांमध्ये राणी कोण होणार हे बहुतेकदा रंगावरून ठरतं. सावळी मुलगी कोळीण होते, भाजीवाली होते, आदिवासी होते. एका मुलीने माझ्या दुकानात आरशासमोर उभं राहून आईला विचारलं होतं, “मी पावडर लावली तर राणी होईन का?” त्या मुलीच्या हातात भाजीची प्लॅस्टिकची टोपली होती.

विधवेचा वेश अशुभ म्हणून नको, सावळा चेहरा राणीचा नको, आणि मग उरते ती राणी कोण?

मद्रासी, सरदारजी, मारवाडी यांबद्दल मी फार लिहीत नाही. पोटाला उशी बांधलेला मारवाडी आणि कपाळाला तीन पट्टे ओढून मोडकं हिंदी बोलणारा मद्रासी यांत कला कुठे आहे ते कुणी मला दाखवावं. भिकाऱ्याच्या फाटक्या शर्टाचं मी भाडं घ्यायचे, ही माझ्या मनातली सगळ्यात मोठी बोच आहे. चांगला शर्ट मुद्दाम फाडून त्याला मळ लावायचा, आणि तो घालून मूल ज्या शाळेत जायचं तिच्या फाटकाबाहेर तसाच शर्ट घातलेलं दुसरं मूल उभं असायचं.

मला माहीत आहे तुम्ही काय म्हणाल. मुलं निरागस असतात, त्यांना यातलं काही कळत नाही. मी रोज मुलांची मापं घेते. त्यांना सगळं कळतं. कुणाला राजा दिला आणि कुणाला चोर दिला, हे त्यांना आपल्याआधी कळतं. दुसरं म्हणाल, इतका विचार करत बसलो तर मुलांची मजाच जाईल. नेदरलँड्समध्ये सेंट निकोलसच्या सणाला त्याचा काळा नोकर म्हणून गोरी माणसं तोंड काळं करून, जाड लाल ओठ रंगवून निघायची. बरीच वर्षं भांडणं झाली. आता कितीतरी शहरांत नुसती धुराड्यातल्या काजळीची बोटं गालाला लावतात. सण आहे तिथेच आहे, मुलांना मिठाईही मिळते.

तिसरं म्हणणं मला गंभीर वाटतं. वासुदेव, पोतराज, नंदीबैलवाला या लोककला आहेत, मुलांनी त्या केल्या नाहीत तर विसरल्या जातील, असं काही शिक्षक कळकळीने सांगतात. त्यांना माझं म्हणणं असं, की वासुदेव विसरला जाईल अशी भीती वाटत असेल तर वासुदेवाला बोलवा. मोरपिसांची टोपी घालून दान मागणारे अजून पहाटे पेठांतून फिरतात. त्यांना शाळेत सन्मानाने बोलवा, खुर्ची द्या, मानधन द्या, त्यांची गाणी मुलांना शिकवू द्या. मग ज्या मुलाला वासुदेव व्हायचंय त्याने त्यांच्याकडून चिपळ्या धरायला शिकून व्हावं. तेव्हा त्याला बोलायला काहीतरी असेल. नाथांच्या भारुडातल्या वासुदेवाला होतं तसं. पोतराजाबद्दल मात्र माझं मन तयार होत नाही. अंगावर आसूड ओढून घेऊन पोट भरावं लागणं ही जपायची कला आहे असं मला वाटत नाही. ते सोडून शिकलेली, नोकरी करणारी कितीतरी माणसं आहेत, त्यांना विचारून मग ठरवा.

आता मागणं. यादी पाठवताना प्रत्येक वेशापुढे माणसाचं नाव लिहा. ‘आदिवासी’ असं लिहायचं असेल तर राघोजी भांगरे लिहा. ‘मुसलमान सरदार’ हवा असेल तर दौलतखान लिहा. नाव सापडत नसेल तर शोधा, मुलांना शोधायला लावा, केळकर संग्रहालयात न्या, आजीआजोबांना विचारायला सांगा. नाव सापडलं नाही तर तो वेश करू नका. कुणाचाही चेहरा काळा करू नका. कुठल्या मुलाने काय व्हायचं हे त्याच्या आडनावावरून, धर्मावरून, रंगावरून ठरवू नका. चिठ्ठ्या टाका हवं तर. परीक्षकांना विनंती, की झगमगाटाला गुण देणं थांबवा. स्टेजवर आलेल्या मुलाला विचारा, तू कोण, तुझं काम काय, तुला आज काय सांगायचंय.

हे जमतं. दोन वर्षांपूर्वी एक मुलगी साधं सुती लुगडं, कपाळाला आडवं कुंकू आणि खांद्याला कापडी पिशवी असा सावित्रीबाईंचा वेश घेऊन गेली. भाडं अगदी किरकोळ. पिशवीत तिने आईचं दुसरं लुगडं घडी करून ठेवलं होतं. स्टेजवर तिने ते बाहेर काढलं आणि म्हणाली, शाळेत जाताना माझ्यावर शेण फेकतात, म्हणून मी हे सोबत ठेवते, शाळेत गेल्यावर बदलते. बुधवार पेठेतल्या भिडेवाड्यात १८४८ साली सुरू झालेल्या शाळेची गोष्ट पिशवीतल्या एका लुगड्यात आली. तिला बक्षीस मिळालं की नाही, मला माहीत नाही. तिच्या वडिलांनी वेश परत आणताना सांगितलं की हॉलमध्ये टाचणी पडली तर ऐकू येईल इतकी शांतता झाली होती.

मी माझ्याकडून सुरुवात केली आहे. दुसऱ्या कपाटातल्या चिठ्ठ्या काढल्या आहेत. पिसांचे मुकुट आणि काळ्या रंगाच्या डब्या आता दुकानात नाहीत. पोतराजाचा घागरा भाड्याने मिळणार नाही. हिरवे सॅटिनचे झगे उसवून त्यांचं अस्तर केलं. ज्या शाळांनी आधी पैसे भरून नोंदणी केली आहे त्यांना त्याच भाड्यात दुसरा वेश मिळेल, नको असेल तर सगळे पैसे परत मिळतील. नाव शोधायला मदत हवी असेल तर दुपारी दोननंतर दुकानात या, मला जेवढं माहीत आहे तेवढं सांगेन आणि नसेल तिथे आपण मिळून पुस्तकं पाहू.

मापं मात्र पंधरा डिसेंबरच्या आत पाठवा. मुलांच्या बाह्या दरवर्षी लांब होतात आणि आदल्या दिवशी आलात तर कळ्या उसवून घेर वाढवायला वेळ मिळत नाही. राघोजींची बंडी आणि मुंडासं दोन मापांत शिवून तयार आहे. दौलतखानाचा जामाही झाला आहे, आठ ते दहा वर्षांच्या मुलाला बसेल, खाली निळ्या सुताची काठावर लाट भरली आहे. बंद उजव्या काखेखाली बांधायचे. विसरू नये म्हणून आतून तिथे लाल धाग्याची खूण केली आहे.

आपली,
शुक्रवार पेठेतली एक ड्रेपरीवाली